गुणांसाठी माळावर: ‘फील्ड डे’ची पार्श्वभूमी

जूनमधल्या चौथ्या पूर्ण शनिवार-रविवारी उत्तर अमेरिकेतले हौशी रेडिओवाले, म्हणजे छंद म्हणून स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणारे, घरचं सगळं सोडून माळावर तंबू ठोकतात. झाडांवर अँटेनाच्या तारा चढवतात आणि 24 तासांत जमतील तितक्या केंद्रांशी संपर्क साधतात. ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’ या संघटनेचा हा ‘फील्ड डे’. ही स्पर्धा नव्हे, आणीबाणीचा सराव आहे, असं लीग आवर्जून सांगते. पण गुण मोजले जातात, निकालही जाहीर होतो. माझ्या मते या उपक्रमाला इतकं आयुष्य लाभलं ते गुणांमुळेच.

गुणांच्याही आधी चढाओढ होती. 1912च्या अमेरिकी कायद्याने हौशी लोकांना 200 मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीवर ढकललं. हा पट्टा कुचकामी, अशीच तेव्हाची समजूत. हौशी लोकांनी ती खोटी ठरवली. डिसेंबर 1921मध्ये पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसन इथे तंबूत रिसीव्हर मांडून अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर 1923मध्ये फ्रान्सचे लेओं देलुआ आणि अमेरिकेचे फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकपार दुतर्फा संभाषण झालं, तेही 100 मीटरच्या आसपास. मग कोण किती लांब पोचतो, किती देश गाठतो, हे मोजायला नियम आले. 1920चं दशक संपता संपता आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

पण ही सारी बहादुरी घरातल्या विजेवर. पूर आला, तारा तुटल्या की काय? जून 1933मध्ये लीगने पहिला फील्ड डे घेतला तो याच प्रश्नापायी. सेट बाहेर न्या आणि चालवून दाखवा. 1935मध्ये लीगने आणीबाणीसाठी स्वयंसेवकांचं दल उभारलं. पुढच्याच वर्षी ईशान्य अमेरिकेतल्या महापुरात हौशी केंद्रांनी निरोप पोचवले आणि सरावाचं महत्त्व पटवून द्यायची गरज उरली नाही. दुसऱ्या महायुद्धात हौशी प्रक्षेपणच बंद होतं, त्यामुळे तेवढा खंड पडला.

हे काम क्लबकडे का आलं, याचं उत्तर बरंचसं तारेच्या लांबीत आहे. 80 मीटर बँडचा (तरंगलांबीच्या पट्ट्याचा) साधा डायपोल, म्हणजे मधोमध जोडलेली सरळ तारेची अँटेना, ही सुमारे 40 मीटर तार. ती उंच फांद्यांवरून ताणायची तर दोरीला वजन बांधून फेकणारा एक, खाली ताण धरणारा दुसरा, आणि ‘अजून थोडी डावीकडे’ म्हणणारे चारजण! रात्रभर सेटवर बसायलाही पाळ्या लागतात. एका बँडवर त्याच पद्धतीने तेच केंद्र दुसऱ्यांदा भेटलं तर गुण नाही. म्हणून ऑपरेटरच्या शेजारी आणखी एकजण कागदावर कॉलसाइनची, म्हणजे केंद्रांच्या ओळख-संकेतांची, अक्षरवार नोंद घेऊन बसे. कानावर कॉलसाइन पडताच त्याचं बोट रकान्यावरून फिरे आणि मान होकारार्थी किंवा नकारार्थी हले. हे काम 1980च्या दशकापासून हळूहळू संगणकाकडे गेलं.

गुणांची रचना मात्र हुशारीची आहे. 100 वॅटपर्यंतच्या केंद्राला दुप्पट, आणि 5 वॅट किंवा त्याहून कमी शक्तीवर, बॅटरी किंवा सौरऊर्जेसारख्या सोयीने चालणाऱ्या क्लबला पाचपट गुण मिळतात. शिवाय सौरऊर्जेवर काही संपर्क केले, पाहुण्यांसाठी माहितीचं टेबल मांडलं, तर जादा गुण वेगळे. ज्याची सवय लागायला हवी त्यालाच गुण ठेवलेत. बक्षीस नाही, तरी लोक आकड्यासाठी जागतात.

तीच युक्ती पुढे इतरांनीही उचलली. 2002मध्ये ब्रिटनमध्ये ‘समिट्स ऑन द एअर’ सुरू झालं. त्यात शिखराचा शेवटचा टप्पा मोटारवाहनाशिवाय गाठायचा, वाहनाच्या विजेवर सेट चालवायचा नाही, आणि गुणांसाठी किमान चार संपर्क हवेत. इथे क्लब नसला तरी भागतं. पाठीवरची पिशवी आणि अँटेनासाठी एक दुमडणारा खांब पुरतो.

2020मध्ये महासाथीमुळे एकत्र जमणंच अशक्य झालं, तेव्हा लीगने नियम सैल केले. एरवी घरच्या विजेवरच्या केंद्रांना आपापसातल्या संपर्कांचे गुण मिळत नसत. ते मिळू लागले, आणि सभासदांच्या गुणांची क्लबच्या नावावर बेरीजही दाखवली गेली. 2022पासून ही सवलत कायम झाली. घरबसल्या कसला फील्ड डे, अशी कुरकुर तंबूवाल्यांकडून अजूनही ऐकू येते.