हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे त्यांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताच्या लहान कंसाची लांबी. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारे प्रतल पृष्ठभागाला ज्या वर्तुळात छेदते, ते बृहद्वृत्त. पृथ्वीगोलावर टोकियो व न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो पॅसिफिक महासागर मधोमध न ओलांडता उत्तर अलास्कावर, जवळजवळ ७०° उत्तर अक्षांशापर्यंत चढतो. ही लांबी सुमारे १०,८०० किमी. मर्केटर या नकाशाकाराने केलेल्या सपाट नकाशावर (१५६९) पट्टीने आखलेली रेषा सरळ दिसते, पण त्या वाटेने अंतर १२,७०० किमीच्या घरात जाते. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी ही वाट आहे. दोन वाटांमधला हा भेद पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश याने १५३७ मध्येच मांडला होता.

अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्याच्या प्रचलित सूत्राला ‘हॅव्हरसाइन’ सूत्र म्हणतात. हे नाव इंग्रज नौकानयन-शिक्षक जेम्स इनमन याने १८३५ मध्ये रूढ केले, म्हणून श्रेय बहुधा त्यालाच दिले जाते. मात्र हॅव्हरसाइन ही राशी नौकानयनाच्या कोष्टकांत त्याआधीपासून वापरात होती. होसे दे मेंदोसा इ रिओस (१८०१) व जेम्स अँड्र्यू (१८०५) यांची नावे या संदर्भात येतात. त्यामुळे इनमनला नामकर्ता मानणे अधिक सयुक्तिक. हॅव्हरसाइन म्हणजे उत्क्रमज्येचा (१ वजा कोज्या, म्हणजे कोसाइन) अर्धा भाग, आणि उत्क्रमज्यांचे कोष्टक सूर्यसिद्धान्तात स्पष्ट दिलेले आहे. त्या ग्रंथाच्या कालाबद्दल मतभेद आहेत; उपलब्ध पाठ एकाच काळातला नसावा. अर्ध्या उत्क्रमज्येचा फायदा व्यावहारिक होता: ती कधीच ऋण नसते, त्यामुळे लॉगॅरिथम थेट घेता येतात, शिवाय अंतर लहान असताना कोज्येच्या सूत्राप्रमाणे अचूकता हातची जात नाही. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने गोल धरून केलेल्या गणितात साधारण अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहते. ती टाळण्यासाठी पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात धरणारी विन्सेंटी यांची १९७५ मधील पद्धत वापरतात.

उड्डाणकाल मात्र केवळ अंतरावर ठरत नाही. सुमारे ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे न्यूयॉर्कहून लंडनला साधारण साडेसहा-सात तास लागतात, तर परतीला साडेसात-आठ. या वेगवान वाऱ्यांची पद्धतशीर नोंद जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात केली. त्यांनी आपला अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला, आणि जपानबाहेर त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. वारा स्थिर असला तरी जाता-येता हिशेब बरोबर होत नाही: प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते, म्हणून दोन्ही फेऱ्यांची बेरीज वारा नसतानाच्या वेळेपेक्षा नेहमी जास्तच भरते.

वेळापत्रकातली वेळ ही ‘ब्लॉक टाइम’ असते: विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतची, म्हणजे धावपट्टीपर्यंतची चाल धरून. हवाई हद्दीचे निर्बंधही ती बदलतात. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो सुमारे तेरा तासांवर गेला.