शाकारणी, गोव्यातील

शाकारणी : पावसाळ्याच्या तोंडावर घराचे छप्पर उसवून झाडणे, फुटके नळे वा कौले काढून नवी घालणे आणि सगळे पुन्हा रचणे, या कामाला शाकारणी म्हणतात. ‘घर शाकारणे’ हा प्रयोग रत्नागिरी-रायगडकडे जास्त चालतो. सिंधुदुर्गात व गोव्यात ‘नळे परतणे’ (कोंकणीत ‘नळे परतप’) असेच म्हणतात. हा शब्द कामाचे वर्णन अधिक नेमके करतो, कारण छपराची दुरुस्ती थोडी आणि परतणेच फार असते. गवती (केंबळी) छपराची शाकारणी म्हणजे गवताचा वा चुडतांचा (माडाच्या झावळ्यांचा) थर बदलणे. ती आता गोठे, गंज व समुद्रकाठचे हंगामी मांडव यांपुरतीच उरली आहे.

शिमगा आटोपल्यापासून मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनपर्यंत, हे काम चालते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस गोव्यात सामान्यतः जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. वर्षाचा सरासरी पाऊस ३,००० मिमी.च्या आसपास असून त्याचा बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. सत्तरी, सांगे या घाटालगतच्या तालुक्यांत तो आणखी जास्त असतो. पुरुमेंताची (पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’, पावसाळ्याची बेगमी) खरेदी, सुके बांगडे, सोलां (आमसुले), सरपण आणि छप्पर ही सारी एकाच हंगामातली कामे.

गोव्यात ‘नळे’ हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लागतो. गांवठी नळा म्हणजे अर्धनळीच्या आकाराचे, एका टोकाला निमुळते कौल. चपट्या, खाचेत खाच बसणाऱ्या कौलाला मंगळुरी नळा म्हणतात. मराठी ‘कौल’ हा शब्द संस्कृत ‘कपाल’ (खापर) याच्याशी जोडला जातो. देवापुढे पाकळ्या लावून घेतला जाणारा कौल हा अरबीतून आलेला वेगळा शब्द आहे. ज्या गावात ‘कौल’ म्हटले की आधी देवळातला गाभारा आठवतो, तिथे छपरासाठी ‘नळा’ टिकून राहावा हे साहजिक वाटते.

गांवठी नळ्याचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार तो पोर्तुगीजांनी आणला. इबेरियन द्वीपकल्पात असेच अर्धनळीचे कौल पूर्वीपासून रूढ होते, आणि १५१० नंतर तिसवाडीत, पुढे १५४३ पासून बारदेश व सासष्टीत उठलेल्या चर्चांना व वाड्यांना टिकाऊ छपराची गरज होती. दुसरे मत तो स्थानिक कुंभारकामातला मानते. दख्खनेतील सातवाहनकालीन वस्त्यांच्या उत्खननांत भाजक्या मातीची छपराची कौले मिळाली आहेत, तेव्हा कौलारू छप्पर या भागाला नवे नव्हते. मात्र ती कौले चपटी, खाचांची व खिळ्यासाठी भोके पाडलेली आहेत. त्यांच्यावरून अर्धनळीचा वंश सिद्ध होत नाही. तांबडी सुर्ल येथील महादेव मंदिराच्या (साधारण १२ वे-१३ वे शतक) मंडपावर उतरत्या दगडी फरशा आहेत. हाही पुरावा उताराचा आहे, नळ्याचा नाही.

या वादात नळ्याच्या पोटात पाहणे उपयोगाचे ठरते. देशी कुंभार चाकावर उभी पोकळ नळी ओढतो, ओली असतानाच ती उभी चिरतो आणि वाळल्यावर तिचे दोन नळे होतात. अशा नळ्याच्या आतल्या बाजूला बोटांची आडवी वलये राहतात व चिरलेली कड खडबडीत असते. युरोपीय पद्धतीत मातीची पोळी थापून ती लाकडी साच्यावर वाकवतात. मग आत वलये दिसत नाहीत, चिकटू नये म्हणून भुरभुरलेल्या वाळूचा खरखरीतपणा तेवढा दिसतो. जुन्या काळी नळे मांडीवर वळत असत ही गोष्ट गोव्यात आवडीने सांगतात आणि ब्राझीलमध्येही तशीच सांगतात. दोन खंडांत एकच गोष्ट मिळावी, याचा अर्थ ती कारागिरांची नसून ऐकणाऱ्यांची आहे असाच घेतलेला बरा. शिवाय माणसाच्या मांड्या सारख्या नसतात, आणि एका पाख्यावरचे (छपराच्या एका उतारावरचे) नळे तर एकमेकांत बसावे लागतात. एकूण पाहता आकाराची लोकप्रियता पोर्तुगीज बांधकामामुळे वाढली आणि घडण पुष्कळ ठिकाणी देशी चाकावरच राहिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नव्या काबिजादीत (पोर्तुगीजांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जिंकलेला मुलूख : पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इ.) तर ते विशेष लागू पडावे. डिचोलीची कुंभारकला प्रसिद्धच आहे.

मंगळुरी कौलाचा इतिहास त्यामानाने स्पष्ट आहे. खाचेत बसणारे कौल अल्सासमधील झिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये काढले. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात त्याचा कारखाना काढला. त्याचे वर्ष काही ठिकाणी १८६०, तर काही ठिकाणी १८६५ दिलेले आढळते; १८६५ अधिक स्वीकारले जाते. कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव उमटवलेले असल्याने जुने घर उसवताना छपराचे वय अदमासाने कळते. अर्थात पन्नास वर्षांच्या फुटतुटीनंतर एकाच पाख्यावर तीन-चार कारखान्यांची कौले मिसळलेली असतात, आणि मग हा अदमास बेताचाच धरावा.

दरवर्षी परतण्याची गरज गांवठी नळ्याच्या रचनेतच आहे. रिपांवर (वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्यांवर) आधी उताण्या नळ्यांच्या ओळी लावतात. त्यांचे निमुळते टोक खाली, वळचणीकडे असते. दोन उताण्या ओळींमधल्या फटीवर पालथी ओळ येते आणि तिचे निमुळते टोक वर, आढ्याकडे राहते. ना खिळा, ना चुना. वजन आणि घर्षण यांवरच सारे राहते. त्यामुळे नळे वर्षभरात बोट-दोन बोटे खाली सरकतात. उंदरामागे मांजर धावते, वानरे उड्या मारतात, माडाचा नारळ सुटतो. उताण्या नळ्यात आंब्याची पाने साचली की पाणी तुंबते आणि कडेवरून आत उतरते. फुटक्या नळ्यापेक्षा तुंबलेला नळाच जास्त गळतो, हे परतणारा जाणतो. मंगळुरी कौलाला मागे रिपेत अडकणारा दात असतो. ते सरकत नाही, म्हणून ते दरवर्षी न परतता फक्त पाहून घेतात.

परतणारा अनवाणी चढतो आणि पाय नेमका वाशावर टाकतो, दोन वाशांच्या मध्ये कधीच नाही. काम आढ्याकडून वळचणीकडे उसवत आणि वळचणीकडून आढ्याकडे रचत होते. खाली उतरवलेला प्रत्येक नळा तो बोटाच्या पेराने वाजवतो. खणखणला तर परत वर, ‘बद्द’ बोलला तर बाजूला, कारण न दिसणारी चीर नादात कळते. शेवाळ काथ्याने घासतात, रिपा हिरांच्या केरसुणीने झाडतात. छप्पर उघडे असते तेवढ्यात वाशांची वाळवी, वळचणीखालच्या भिंतीचे डोके आणि काचेचे कौल पाहून घेतात. स्वयंपाकघरावरचे वासे धुराने काळे पडलेले आणि बहुधा सर्वांत धड निघतात. चूल गेली त्या घरांत मात्र ही सोय राहिली नाही. राजांगण (मधला उघडा चौक) असलेल्या घरात चार पाखी आत उतरतात आणि त्यांच्या सांध्यांतल्या पन्हळी हे गळतीचे मूळ ठिकाण असते. खाऱ्या हवेने तिथला पत्रा लवकर सडतो. शेवटी आढ्यावरचे कोने (माथ्याची सांधकौले) चुन्यात, हल्ली सिमेंटात, बसवतात. पश्चिमेच्या झडीसाठी बलकांवापुढे (दारापुढच्या बैठकीच्या सोप्यापुढे) विणलेल्या चुडतांचे आडोसे बांधत; त्यांची जागा आता निळ्या ताडपत्रीने घेतली आहे.

ही सारी पद्धत वरून पडणाऱ्या पाण्यासाठी घडली आहे, खालून उचलणाऱ्या वाऱ्यासाठी नाही. अरबी समुद्रातील चक्रीवादळे मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन काळांत होतात, म्हणजे पहिला काळ शाकारणीच्या दिवसांवरच येतो. तौक्ते चक्रीवादळ १५-१६ मे २०२१ रोजी गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. गोव्यात किनारा त्याने ओलांडला नाही, तरी झाडे व विजेचे खांब कोसळले, घरांची पडझड झाली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि रायगडातली कौले-पत्रे उडाले. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान कोकणात शिरले, तेव्हा परतलेल्या छपराने एक पावसाळा आधीच खाल्ला होता.

इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानक ८७५ (भाग ३) मध्ये पणजीसाठी मूलभूत वाऱ्याचा वेग ३९ मी. प्रति सेकंद (ताशी सुमारे १४० किमी.) धरला आहे. त्या वेगाला वाऱ्याचा दाब दर चौ.मी.ला सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९० किग्रॅ.पेक्षा जास्त भरतो. मंगळुरी कौल अडीच किग्रॅ.च्या आसपास आणि दर चौ.मी.ला पंधराएक धरल्यास छपराचे वजन चाळीस किग्रॅ.च्या आतच राहते. फटींतून आतली हवा बाहेर पडत असल्याने प्रत्यक्ष ओढ या हिशेबापेक्षा कमी लागते. कौलारू घर वादळात ‘श्वास घेते’ असे म्हणतात ते इतक्यापुरते खरे. पण वळचण, आढे आणि पाख्याच्या कडा येथे ओढ सर्वांत जास्त असते, आणि छप्पर उसवते तेही तिथूनच. म्हणून कडेच्या व वळचणीच्या दोन-तीन ओळी तारेने रिपेला बांधणे, कोने पक्के करणे आणि वासे भिंतीवरच्या तुळवटाला लोखंडी पट्टीने जखडणे एवढे केले तरी पुष्कळ साधते. सगळे छप्पर सिमेंटात थापणे मात्र चुकीचे. हवा कोंडते आणि पुढच्या वर्षी परतायला नळा सुटत नाही. पत्र्यावर चिरे ठेवण्याची रीतही वादळात धोक्याची, कारण पत्रा उडाला की चिरा घरात येतो.

घरावर झुकलेले माड-आंबे हा छपराचाच भाग समजावा लागतो. सुके चुडत व नारळ मेअखेर उतरवतात. झाड तोडायचे तर वृक्षसंरक्षण कायद्याखाली (१९८४) परवानगी लागते. भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवरील मुंडकाराच्या (तिथे घर करून राहणाऱ्याच्या) घराची दुरुस्ती हा जुना तंट्याचा विषय. १९७५ च्या मुंडकार कायद्याने निष्कासनापासून संरक्षण दिले.

परतणारे हात कमी झाल्याने अनेक घरांनी नळ्यांवर वा सिमेंटच्या स्लॅबवर लोखंडी सांगाड्याची पत्र्याची पाखी चढवली आहेत. तिथे शाकारणी म्हणजे बोल्ट आवळणे, वायसर बदलणे आणि गंजलेल्या जागी रंग लावणे.