पहिली स्पोर्टिंग रायफल : निवड आणि बांध्यानुसार बसवणी (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सांगली, मिरज, तासगाव, विटा या भागांतून आमच्याकडे येणाऱ्या नव्या ग्राहकांपैकी बरेच जण पहिला प्रश्न ‘सेमी-ऑटोमॅटिक स्पोर्टिंग रायफल मिळेल का’ असा विचारतात. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चाप एकदा ओढल्यावर एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत भरले जाते, अशी ही रचना असते. भारतातील शस्त्र नियमांत अशा रायफली वरच्या वर्गात मोडतात आणि सामान्य नागरिकाला मिळणाऱ्या परवान्यात त्या बसत नाहीत. तथापि, नेमबाजी शिकू पाहणाऱ्याने यामुळे निराश होण्याचे कारण नाही, कारण ऑलिंपिकमधील रायफलच्या प्रकारांत, मग ते अंतर १० मीटर असो वा ५० मीटर, प्रत्येक फैरीला रायफल नव्याने भरावी लागते. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे विश्वविजेत्या ठरल्या आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते एकेक गोळी भरूनच.

नवशिक्याने सुरुवात १० मीटर एअर रायफलपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या एअर रायफलच्या नळीचा व्यास ४.५ मिमी म्हणजे ०.१७७ इंचांपेक्षा अधिक नाही आणि छर्रा नळीबाहेर पडताना ज्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक नाही, ती बाळगण्यास परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते. म्हणजे तिची ऊर्जा आठ ज्यूलच्या आसपासच राहते. अधिक जोराची स्प्रिंग बसवून द्या, अशी मागणी अधूनमधून होते. ते काम आम्ही करत नाही. २० ज्यूलची मर्यादा ओलांडली की तीच वस्तू परवान्याशिवाय बाळगणे हा गुन्हा ठरतो, आणि वाढलेल्या जोराचा अचूकतेला काडीचाही उपयोग नसतो. ५.५ मिमी नळीची एअर रायफल आणि ५० मीटरसाठीची पॉइंट टू-टू (०.२२ इंच व्यासाच्या नळीची) रायफल या दोन्हींना परवाना आवश्यक आहे.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगणे आम्हांला भाग आहे. द्राक्षबागेतील पोपट किंवा शेतातील माकडे हाकण्यासाठी एअर रायफल मागणाऱ्यांना आम्ही ती देत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार या प्राण्यांना संरक्षण आहे. बागेसाठी जाळी घालणे हाच योग्य मार्ग होय.

रायफल निवडण्यापूर्वी आपला प्रबळ डोळा कोणता, हे पाहावे. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये लहान त्रिकोणी फट ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी आणि मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते, तो प्रबळ डोळा. उजव्या हाताच्या पण डाव्या डोळ्याच्या व्यक्तीने प्रशिक्षकाचा सल्ला घेतल्याशिवाय खरेदी करू नये, कारण स्टॉक (नळी ज्यावर बसवलेली असते तो रायफलचा दांडा) कोणत्या हाताचा घ्यायचा हे यावरच ठरते.

नळी मोडून भरण्याची स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते आणि सवय लावण्यास ती पुरेशी आहे; मात्र तिच्यातील पिस्टन पुढे धावताना रायफल हलते आणि ती रिकामी उडवल्यास आतील भागांना इजा पोहोचते. दाबाखालील हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल जवळजवळ स्थिर राहते. वाल्थर किंवा फाइनवेर्कबाउ यांसारख्या जर्मन बनावटीच्या स्पर्धा-रायफली दोन-तीन लाखांच्या घरात जातात. त्या उत्तम आहेत, परंतु पहिल्याच वर्षी एवढा खर्च करण्याऐवजी मध्यम किमतीची रायफल घेऊन उरलेला पैसा प्रशिक्षण, छर्रे आणि जॅकेट यांवर लावावा, असे आम्ही सुचवतो, जरी त्यात आमचा नफा कमी असला तरी.

रायफल घेतल्यानंतरचे खरे काम म्हणजे ती आपल्या बांध्याला बसवणे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, जशी गायकाच्या सुराप्रमाणे काढावी लागते, तशीच रायफलही वापरणाऱ्याच्या खांद्याला, गालाला आणि हाताला जुळवावी लागते. सुरुवात बटपासून, म्हणजे खांद्याकडच्या मागच्या भागापासून, करावी. बटची लांबी अशी असावी की चाप ओढणारे बोट ताण न घेता चापावर सहज पोहोचेल. बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) वर-खाली सरकवून अशी ठेवावी की रायफल डोळ्यापर्यंत यावी, डोके रायफलकडे झुकू नये. त्यानंतर गालपट्टीची उंची ठरवावी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. पीप साइटच्या (डोळ्याजवळच्या, बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या साधनाच्या) छिद्रात पुढच्या साइटचे वर्तुळ मधोमध दिसत नसेल, तर मान न हलवता गालपट्टी हलवावी. हे जुळवताना नेमबाजीचे जॅकेट अंगात असलेच पाहिजे, कारण नुसत्या शर्टावर घेतलेले माप जॅकेट चढवताच चुकते. वाढत्या वयाच्या मुलामुलींचे माप दर काही महिन्यांनी पुन्हा घ्यावे. नियमानुसार रायफलचे कमाल वजन ५.५ किलो असले, तरी बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या हाती तेवढे वजन देणे म्हणजे पाठीला दुखणे लावणे आहे. त्यांच्यासाठी साडेतीन-चार किलोची रायफल पुरे.

चाप ओढण्यास किमान किती जोर लागावा, याची १० मीटर प्रकारात अट नाही, तरीही नवशिक्याने तो फार हलका करून घेऊ नये. पहिला टप्पा आणि नंतरचा थांबा बोटाला स्पष्ट जाणवला पाहिजे. दुर्बीण या प्रकारात चालत नाही. पीप साइट घ्यायची की ओपन साइट (उघड्या खाचेची), हे आपण कोणत्या गटात खेळणार यावर ठरते, म्हणून ते आधी प्रशिक्षकाला विचारावे. लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असल्याने छर्रेही पारखून घ्यावेत. चपट्या तोंडाच्या छर्ऱ्यांचे माप ४.४९ किंवा ४.५० मिमी असे डब्यावर छापलेले असते. रायफल घट्ट बसवून दोन-तीन मापांचे छर्रे उडवावेत आणि ज्याची छिद्रे एकमेकांत मिसळतात, तेच माप पुढे घेत राहावे. छर्रे शिशाचे असतात. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

सिलिंडर साधारणपणे २०० बार दाबाने भरला जातो. तो कोरड्या हवेनेच आणि सावकाश भरावा. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज उपलब्ध असतो, परंतु त्याने रायफलचा सिलिंडर भरणे जिवावर बेतू शकते. सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते आणि बहुतेक उत्पादकांनी त्याला दहा वर्षांची मुदत घातलेली आहे. जुनी रायफल विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम ती तारीख वाचावी. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत भरलेला सिलिंडर ठेवू नये. पावसाळ्यात रायफल पुसून, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद करावी.

रायफल नेहमी बंद पेटीतून, रिकामी आणि खरेदीच्या पावतीसह न्यावी. दुकानात येताना ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा आणि अल्पवयीन मुलासाठी पालकांची उपस्थिती आवश्यक आहे. जॅकेट असल्यास ते आणि सरावाचे बूट सोबत आणावेत, म्हणजे माप त्याच दिवशी घेता येईल.