आर्वीचे सात, तेव्हा न्यू जर्सीचे किती?

आर्वीजवळच्या आमच्या गावातून ताई दर रविवारी सकाळी सातला न्यू जर्सीतल्या नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. तिकडे तेव्हा शनिवारचे रात्रीचे साडेआठ. आठवण देणारा छोटा प्रोग्राम मीच लिहिला होता: तिकडच्या वेळेत १० तास ३० मिनिटं मिळवायची, घंटी वाजवायची. हिवाळाभर तो बिनचूक चालला. मार्चच्या तिसऱ्या रविवारी ताईचा फोन आला, "काऊन रे, पोट्टी तं झोपून गेली म्हणते!"

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. म्हणजे फरक साडेनऊ तासांचा झाला होता आणि तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

बेरीज बरोबर होती, समजूत चुकली होती. सूर्याचं गणित सरळ आहे: एका रेखांशाला चार मिनिटं. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंशांवरून धरतात, आमच्या जिल्ह्याचं ठिकाण वर्धा ७८.६ अंशांवर, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी सव्वाबाराच्या सुमारास. पण घड्याळ सरकार ठरवतं आणि सरकारचे निर्णय बदलतात. सामोआ देशाने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला!

हे निर्णय सूत्रात बसत नाहीत, ते नोंदवूनच ठेवावे लागतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेला असा एक सार्वजनिक कोश आज बहुतेक मोबाइल आणि संगणकांत असतो. त्यात आपली नोंद 'एशिया/कोलकाता' या नावाने आहे. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारताचं घड्याळ तासभर पुढे होतं, हेही त्यात सापडतं. पत्रिकेचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. जागतिक वेळ काढायला १९४४ मधल्या जन्मवेळेतून डोळे झाकून साडेपाच तास वजा केले, तर तासाची चूक होते आणि लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तर साधारण दोन तासांत बदलते.

घडून गेलेली गोष्ट, जसा बँकेचा व्यवहार, यूटीसी या जागतिक वेळेत साठवावी. पुढच्या भेटीचं मात्र तसं करू नये, कारण मधल्या काळात नियम बदलू शकतो. तिथे स्थानिक वेळ आणि ठिकाणाचं नाव जपावं. माझ्या प्रोग्राममध्ये आता 'शनिवार, रात्री ८:३०, अमेरिका/न्यूयॉर्क' एवढंच लिहिलंय, फरक तो दर वेळी कोशातून काढतो.

उन्हाळ्यात ताईची घंटी सहाला वाजते. ती तेव्हा अंगणात सडा टाकत असते, मोबाइल तुळशीच्या ओट्यावर ठेवलेला असतो.