कोपऱ्यातला अंधार आणि कोसाइनचा चौथा घात

पावसाळ्यात बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावरून काढलेले फोटो मोबाइलवर फिरू लागतात. वर करडं सपाट आभाळ, खाली भाताची शिवारं आणि चारही कोपरे काळवंडलेले. लगेच कुणीतरी निदान करतं, "लेन्स बाद झालीय की ओ, बदला." याच्या दुसऱ्या टोकाचा एक प्रकार परवा पाहिला. गाभाऱ्यातला एक फोटो 'मूर्तीभोवती तेजोवलय प्रकटलं' अशा मजकुरासह पुढे ढकलला जात होता. मध्ये उजेड, कडेला अंधार. दोन्ही फोटोंमागे एकच भूमिती आहे आणि ती इतकी देखणी आहे की दहावीच्या त्रिकोणमितीत शिकवायला हवी.

३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पाटी) आणि २४ मिलिमीटरची वाइड अँगल लेन्स घ्या, म्हणजे हिशेबापुरतं सेन्सरपासून २४ मिलिमीटरवर प्रकाश आत सोडणारं छिद्र. सेन्सरच्या मध्यापासून कोपरा २१.६ मिलिमीटरवर येतो. म्हणजे कोपऱ्याकडे जाणारा किरण लेन्सच्या अक्षाशी जवळपास ४२ अंशांचा कोन करतो. आता या किरणाला तीन ठिकाणी जकात भरावी लागते. पहिली अंतराची. छिद्रापासून कोपरा मध्यापेक्षा लांब आहे आणि प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. इथेच कोनाच्या कोसाइनचा वर्ग गेला. दुसरी छिद्राची. बांगडी समोर धरली तर गोल दिसते, तिरकी केली की लंबगोल. तसंच कोपऱ्यातून पाहिलं तर लेन्सचं गोल छिद्र चपटं दिसतं, त्यातून येणारा प्रकाश तेवढा कमी. आणखी एक कोसाइन. तिसरी सेन्सरवर पोचताना. किरण तिरका पडतो, तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो. चौथा कोसाइन.

४२ अंशांचा कोसाइन ०.७४३, त्याचा चौथा घात ०.३०५. मध्यावर १०० भाग प्रकाश पडला तर कोपऱ्यात उरतात फक्त ३०! ५० मिलिमीटरच्या लेन्सला हाच आकडा ७१ येतो, म्हणून तिथे डोळ्यांना काही खटकत नाही. १६ मिलिमीटरला मात्र तो १२.५ वर, म्हणजे एक अष्टमांशावर उतरतो. फोटोग्राफरच्या भाषेत पूर्ण तीन स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा.

हा हिशेब शाळेतल्या सूचिछिद्र कॅमेऱ्याला बरोबर लागू पडतो. खऱ्या लेन्समध्ये भिंगांची रचना अशी करता येते की बाजूने पाहताना छिद्र उलट मोठं दिसावं, मग तूट कमी होते. पण त्याच वेळी दुसरा अंधार येऊन मिळतो. लेन्सच्या नळीचा आणि पुढच्या-मागच्या भिंगांचा काठ तिरक्या किरणांना आडवा येतो. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्री गल्लीतल्या गर्दीत उभं राहून एफ १.८ वर, म्हणजे छिद्र मोठं उघडून, फोटो काढले की हा अंधार ठसठशीत दिसतो. छिद्र एफ ८ पर्यंत लहान केलं की तो जवळजवळ नाहीसा होतो. कोसाइनचा अंधार तसा जात नाही. कोपरे कशामुळे काळे झाले हे ओळखायची ही सोपी परीक्षा आहे.

१९०० सालच्या, गोएर्झ या जर्मन कंपनीच्या हायपरगॉन लेन्सवरचा उपाय तर मला फार आवडतो. सुमारे १४० अंशांचं दृश्य टिपणारी ही लेन्स. तिच्यापुढे चांदणीच्या आकाराचा एक छोटा पंखा बसवलेला असे. रबरी फुग्यातून हवा सोडली की तो फिरायचा, मध्यावरचा प्रकाश अडवायचा आणि कडांना वेळ मिळवून द्यायचा. मग पंखा बाजूला करून उरलेलं एक्स्पोजर पूर्ण करायचं.

आज तेच काम सॉफ्टवेअर गुणाकाराने करतं. लेन्सवर पांढरं दुधी अॅक्रिलिक धरून एकसारख्या आभाळाचा फोटो घ्यायचा. बेळगावचं जुलैमधलं दुपारचं आभाळ त्यासाठी उत्तम. कॅमेरा फिरवून चार-सहा फोटो घेतले आणि त्यांची सरासरी काढली की आभाळातला उरलासुरला चढउतारही मिटतो. या फोटोत मध्य १०० आणि कोपरा ३० असेल, तर त्याच छिद्रावर आणि त्याच झूमवर काढलेल्या प्रत्येक फोटोचा कोपरा ३.३ पटींनी गुणायचा. डार्कटेबलसारखी मोफत सॉफ्टवेअर लेन्सफन या लेन्सच्या मोजलेल्या दोषांच्या संग्रहातून कुठे किती गुणायचं याचा हाच नकाशा सूत्ररूपात घेतात: मध्यापासूनच्या अंतराचा दुसरा, चौथा आणि सहावा घात, प्रत्येकाला एक गुणक. गुणाकार कच्च्या, म्हणजे रॉ फाइलवर, सेन्सरचा काळा पाया (पूर्ण अंधारातही तो दाखवतो तो आकडा) आधी वजा करूनच करावा. जेपेगमध्ये उजेडाचे आकडे आधीच वक्र केलेले असतात, तिथे ३.३ ने गुणलं तर कोपरे पांढरेफटक होतील.

गुणाकाराने प्रकाश मात्र वाढत नाही. समजा मध्यावरच्या पिक्सेलला १०,००० फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, मिळाले. त्यातला नैसर्गिक चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १००, शेकडा १. कोपऱ्याला ३,००० मिळाले, चढउतार ५५, शेकडा १.८. ३.३ ने गुणलं की सिग्नलही वाढतो आणि चढउतारही, शेकडा १.८ तसाच राहतो. म्हणून उजळलेल्या कोपऱ्यात रवा पसरल्यासारखी खर दिसते. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचं. तिथे आत उभं राहून छतातलं दगडी कमळ वाइड लेन्सने टिपलं, तर कोपऱ्यातले खांब मुळातच अंधारात असतात. तिथे दुरुस्ती पूर्ण करू नये. अर्धीच करावी, खांबांचा काळोख खांबांकडे राहू द्यावा. जाहिरातीतली 'एआय' दुरुस्ती खर पुसते, पण दगडावरची कोरीव रेषही पुसते आणि जिथे काही टिपलंच गेलं नाही तिथे अंदाजाने नक्षी भरते. जुन्या वास्तूंची नोंद ठेवणाऱ्यांनी तिच्या नादी लागू नये.

तेजोवलयाची शहानिशा तर कुणालाही करता येईल. त्याच जागी उभं राहून मूर्ती फोटोच्या कोपऱ्यात येईल असा कॅमेरा वळवा. उजेड मूर्तीभोवतीच राहिला तर तो समईचा. फोटोच्या मध्यावर सरकला तर तो लेन्सचा. श्रद्धेला यात काही धक्का नाही, पण भूमितीला चमत्कार म्हणून विकणं थांबायला हवं.

गोकाकच्या धबधब्याची नालाकृती कडा एका फोटोत मावत नाही म्हणून अनेक फोटो जोडणाऱ्यांनी ही दुरुस्ती जोडण्याआधी, प्रत्येक फोटोवर वेगळी करावी. आधी जोडलं तर आभाळात उभे काळे पट्टे उमटतात आणि मग ते काढायला कुठलाही एक नकाशा पुरत नाही, कारण जोडलेल्या फोटोला एकच मध्य उरलेला नसतो.