शिळी खिचडी उकळली म्हणजे दोष गेला?

‘रात्रीची खिचडी सकाळी खळखळून तापवा, जंतू मरतात, बिनधास्त खा,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो. जंतू मरतात. पण त्यांनी रात्रभरात सोडलेलं विष मरत नाही.

तांदळात एका जंतूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातली झोपलेली रूपं, असतात. ते शिजतानाही तग धरतात. जळगावच्या मे महिन्यात रात्री नऊला पातेलं ओट्यावर झाकून ठेवलं, की आतली ऊब त्यांना जागं करते. समजा जंतू १०० आहेत आणि दर अर्ध्या तासाला दुप्पट होतात. सकाळी सातपर्यंत वीस वेळा दुप्पट, म्हणजे १० कोटींच्या वर. कागदावर मांडून बघा. त्यातून तयार होणारं ओकारी आणणारं विष १२१ अंश सेल्सिअसवर दीड तास तापवलं तरी टिकतं. कुकरही त्याला पुरत नाही. वासावरूनही ते कळत नाही.

हे गणित नुसतं अंदाजाचं नाही. जंतूंच्या वाढीचा वेग तापमानाशी कसा बांधलेला असतो, याचं सोपं सूत्र १९८२ मध्ये मांडलं गेलं. त्यावर उभं राहिलेलं भाकीत सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे जंतू किती वाढतील याचा आधीच हिशोब मांडणारं शास्त्र, आज अन्नाची टिकण्याची मुदत ठरवायला वापरतात.

घरी पडताळायचं तर स्वयंपाकाचा थर्मामीटर पातेल्याच्या मधोमध खुपसा. कडेची खिचडी गार लागते तेव्हाही मध्यभागी बराच वेळ ऊब असते. म्हणून उरलेली खिचडी ताटात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.