छावणीचा बाजार ते सिटी सेंटर: ग्वाल्हेरच्या बाड्याची गोष्ट

ग्वाल्हेरात कुणी "जरा बाड्यावर जाऊन येतो" म्हणालं, तर कशासाठी हे विचारायची गरज पडत नसे. सराफ्यातलं काम, कापड, टपाल, बँक, गोरखी या जुन्या राजवाड्यातली कलेक्टर कचेरी, सगळं एका फेरीत उरकायचं. नव्या शहरांना 'मध्यवर्ती भाग' आखून देण्याची चर्चा होते तेव्हा बाड्याचा हा चौक कसा घडला ते आधी पाहावं, असं मला नेहमी वाटतं. इथे क्रम उलटा होता: बाजार आधी आला आणि आराखडा फार मागून.

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला, मोकळ्या माळावर तळ दिला. उज्जैनची राजधानी इथे आली ती तंबूंतून. मराठी फौज कधी एकटी चालत नसे. सराफ, वाणी, शिंपी, लोहार असे सगळे बाजारबुणगे तिच्या मागे असत आणि तळ पडला की त्यांची दुकानं ठरल्या जागी लागत. तळ हलला की बाजारही हले. इथला तळ मात्र हललाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे उभे राहिले, वस्तीचं नाव 'लष्कर'च राहिलं. पत्ते आजही फौजेचेच आहेत: कंपू म्हणजे कवायती पलटणींची जागा, जिन्सी म्हणजे तोफखाना, शिवाय शिंदे की छावणी. मराठीत आता 'कंपू' म्हणजे टोळकं; ग्वाल्हेरात तिथे माणसं घरं करून राहतात. फालके बाजार, पाटणकर बाजार ही नावं सरदारांची. वाड्याचा हिंदीच्या तोंडी बाडा झाला आणि महाराजांच्या वाड्यापुढची जागा 'महाराज बाडा' ठरली.

शिंदे आधी गोरखीत राहत, सराफ्याला लागून. जयाजीरावांनी जयविलास महाल बांधला आणि 1874 मध्ये तो पुरा झाला. दरबार तिकडे गेला, म्हणजे बाजारानेही मागोमाग जायला हवं होतं. तो गेला नाही. माझ्या मते या शहराच्या इतिहासातलं खरं वळण हेच. तोवर पेढ्या राजवाड्याच्या आधाराने नाही, गिऱ्हाइकाच्या पायरवाने चालू लागल्या होत्या.

पुढच्या राज्यकर्त्यांनी हे ओळखलं. त्यांनी चालता बाजार उठवला नाही, त्याच्या कडेने सार्वजनिक इमारती बसवल्या: व्हिक्टोरिया मार्केट, पोस्ट ऑफिस, छापखाना, आज बँक असलेली इमारत, पुढे रिगल टॉकीज झालेला टाउन हॉल. एकेक इमारत वेगळ्या शैलीची. वाटाडे सात देशांच्या शैली मोजून दाखवतात. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत छोट्या रेल्वेने 1899 मध्ये शिवपुरी आणि 1909 मध्ये श्योपूर जोडलं, तेव्हा खेड्यापाड्यांतला माणूस आपली कामं घेऊन सरळ शहरात येऊ लागला. 1905 मध्ये व्यापारी मेळा सुरू केला तोही बाड्यावर नाही, वेगळ्या मैदानावर. हंगामी गर्दी रोजच्या बाजारापासून दूर ठेवण्याचा हा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो.

1948 मध्ये मध्य भारत हे राज्य झालं, ग्वाल्हेर हिवाळी राजधानी बनलं. 1956 मध्ये तेही गेलं आणि राजधानी भोपाळला बसली. बाडा त्यातूनही तगला.

मग 1989 च्या सुमारास दिल्लीचा भार हलका करण्यासाठी ज्या पाच शहरांची निवड झाली त्यांत हिस्सार, बरेली, कोटा आणि पतियाळासोबत ग्वाल्हेर होतं. त्यासाठी 1992 मध्ये साडा हे विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि शहराच्या पश्चिमेला, तिघऱ्याच्या धरणाच्या बाजूला नवं शहर आखलं गेलं. भूखंड पडले, रुंद रस्ते झाले. पण तिथे रोज जावं असं कामच नव्हतं. लष्करात माणसं आधी होती, रस्ते मागून आले. साडात रस्ते होऊनही माणसांची वाटच पाहावी लागली आणि बरीचशी जागा ओसाड राहिली.

विद्यापीठाच्या बाजूला मात्र 'सिटी सेंटर' खरंच वसलं. नाव ठेवलं म्हणून नव्हे: उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि कलेक्टर कचेरी तिकडे गेली, त्यांच्या मागे वकील, झेरॉक्सवाले, खाणावळी. दौलतरावांच्या बाजारासारखंच झालं, फक्त या खेपेला फौजेच्या जागी फाइली होत्या.

बाड्याच्या वाट्याला दुरुस्ती आली. 2010 मध्ये व्हिक्टोरिया मार्केट जळालं, आतल्या दुकानदारांचं होतं नव्हतं ते गेलं. 2016 मध्ये ग्वाल्हेरची निवड स्मार्ट सिटी योजनेत झाली. चौकाच्या दर्शनी भिंती उजळल्या, गोरखीच्या आवारात जमिनीखाली वाहनतळ झाला. व्हिक्टोरिया मार्केटच्या इमारतीत डिसेंबर 2024 मध्ये भूविज्ञान संग्रहालय उघडलं. संग्रहालय सुरेख आहे. पण जिथे दिवसभर गिऱ्हाईक आत-बाहेर करायचं, तिथे आता माणूस वर्षातून एकदा पाहुण्यांना घेऊन जाईल, आणि गोरखीत गाडी लावून उतरलेल्याला कचेरीच्या कामासाठी पुन्हा सिटी सेंटर गाठावं लागेल.